चाके बदला, खेळ ताजा होईल

शाळेचे मैदान असो, समाजमंदिराचे अंगण असो, की सुट्टीच्या दिवशी मोकळी पडलेली गल्ली असो, आपल्या वस्त्यांतली मुले-मुली आता इनलाइन स्केट्सवर सरसर पळताना दिसतात. २०२३ साली चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या महिला आणि पुरुष या दोन्ही संघांनी स्केटिंगच्या ३००० मीटर रिलेत कांस्यपदक जिंकले. पुरुष संघात सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे हेही होते. हा खेळ आता आपल्याला परका राहिलेला नाही.

दोन-तीन वर्षे झाली की मात्र घराघरांत एक वाद सुरू होतो. मूल म्हणते, "कंटाळा आला, नवे स्केट्स घ्या." आई-बाबा म्हणतात, "जुने चालतात की अजून!" आम्हाला वाटते, दोघांचेही खरे आहे.

नव्या वस्तूने काय होते?

एकाच चाकावर रोज खेळून पायांना सवय लागते. तेच वळण, तोच वेग, तोच थांबा. शरीर विचार न करता ते करते आणि मग खेळात गंमत उरत नाही. चाकाची उंची, कडकपणा किंवा मांडणी बदलली की घोटे, मांड्या आणि कंबर यांना तोल पुन्हा शोधावा लागतो. त्या शोधातच नवे वळण सापडते, नवी चाल सुचते. प्रत्येकाची स्वतःची शैली अशीच घडते. पण त्यासाठी दरवेळी अख्खी जोडी बदलण्याची गरज नसते. पुष्कळदा एक छोटा भाग बदलूनही भागते.

चाके : चाकावर दोन आकडे छापलेले असतात. ८० मिमी म्हणजे चाकाची उंची. ८५ए म्हणजे कडकपणा. मोठे चाक वेग धरते, लहान चाक लवकर वळते. आपल्याकडच्या खडबडीत सिमेंटवर जरा मऊ चाक बरे. ते हादरे शोषते, गुडघ्यांना त्रास कमी होतो. घसरत थांबण्याचे प्रकार शिकायचे तर कडक चाक लागते. नवी चाके घेण्याआधी जुनी फिरवून पाहा. पहिले तिसऱ्याच्या जागी, दुसरे चौथ्याच्या जागी, आणि झिजलेली बाजू बाहेर. यात एक पैसाही खर्च होत नाही.

रॉकर : चारही चाके सारखी असली तर ती सगळी जमिनीला टेकतात, स्केट सरळ आणि स्थिर धावते. पुढचे व मागचे चाक थोडे लहान बसवले, म्हणजे मध्ये ८० मिमीची दोन आणि टोकांना ७६ची दोन, तर फक्त मधली दोन जमिनीवर राहतात. स्केट जागच्या जागी गर्रकन वळते. शंकूंमधून नागमोडी जाणारे स्लॅलमचे खेळाडू हीच मांडणी वापरतात. स्पर्धेत २० शंकू एका रांगेत ८० सेंटिमीटर अंतरावर असतात. ५० आणि १२० सेंटिमीटरच्या रांगाही असतात. आपल्या अंगणात प्लॅस्टिकचे पेले उपडे ठेवले तरी चालते. एक गोष्ट ध्यानात ठेवा : या मांडणीवर पहिल्या दिवशी पाय पुढे-मागे डुगडुगतात. अर्धा तास हळूहळू, भिंतीजवळच सराव करा.

बेअरिंग : एका चाकात दोन, म्हणजे एका जोडीत १६. पाण्यातून गेल्यास लगेच पुसून वाळवा आणि तेलाचा एक थेंब सोडा, नाहीतर गंज चढतो. चाकाचा बोल्ट फार आवळला तर चाक अडकते, सैल ठेवला तर हलते. सोण नावाच्या भिक्खूने चंक्रमण करून पाय रक्तबंबाळ केले, तेव्हा भगवान बुद्धांनी त्याला वीणेच्या तारेची आठवण दिली होती. तार फार ताणलेली नको, फार ढिली नको. बोल्टचे तसेच, सरावाचेही तसेच.

बूट कधी बदलावा? बोटे दुमडत असतील, टाच उचलत असेल, किंवा घोटा आत कलत असेल तर बदलायलाच हवा. अशा वेळी थांबणे महागात पडते. वाढत्या मुलांसाठी कमी-जास्त होणारा बूट घ्या. जुना विकत घेताना फ्रेमला तडा आणि सैल बक्कल आहे का ते नीट पाहा.

आधी गार्ड, मग चाके

पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर पहिला हक्क मनगटाच्या गार्डचा आणि हेल्मेटचा. पडताना माणूस आपोआप हात पुढे टाकतो, म्हणून मनगट आधी मोडते. अमेरिकेत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मनगटाचे गार्ड न घालणाऱ्यांना मनगटाच्या दुखापतीचा धोका सुमारे दहापट आढळला. त्यानंतर गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटे वर बसले पाहिजे. जोराचा मार लागलेले हेल्मेट पुन्हा वापरू नका. पडायचेच झाले तर गुडघे वाकवून पॅडवर पडायला मुलांना शिकवा.

मनगट सुजले किंवा वाकडे दिसले तर चोळू नका, ओढून बसवू देऊ नका. पट्टीचा आधार देऊन सरकारी दवाखान्यात न्या, एक्स-रे काढा. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा गोंधळ दिसला तर क्षणाचाही उशीर नको.

मुलींचे स्केट्स माळ्यावर टाकू नका

बारा-तेरा वर्षे झाली की मुलीचे स्केट्स धाकट्या भावाकडे जातात, हे आपण पाहतो. समतेची शिकवण घरातल्या खेळापासून सुरू होते. तिचा बूट लहान झाला असेल तर तिला मोठा मिळावा. पाळी आली म्हणून खेळ सुटायचे कारण नाही.

सगळ्यांना सगळे परवडत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून एक सुचवतो. विहारात किंवा समाजमंदिरात एक पेटी ठेवा. तिच्यात एलन-की, दोन जास्तीची चाके, तेलाची बाटली, चार हेल्मेट आणि लहान झालेले पण चांगले बूट ठेवा. वही घालून देवाण-घेवाण लिहा. रविवारी सकाळी, रहदारीपासून दूर, मोठी मुले लहानांना चाके फिरवायला शिकवतील.

एका वेळी एकच बदल करा आणि आठवडाभर खेळून स्वतः पाहा. काय जमते आणि काय नाही, हे मुलाचे पायच सांगतील.

जयभीम! नमो बुद्धाय!