पिंजऱ्यातील इवल्या जीवाचे वार्धक्य

धान्याच्या वखारीशी ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध, त्या घरांना उंदीर ठाऊक असतो तो पोती कुरतडणारा म्हणून. आता मात्र काही घरांतील मुले पाळीव उंदराचा हट्ट धरतात. हा प्राणी तपकिरी उंदराचाच वंशज होय. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॅक ब्लॅक या उंदीर पकडणाऱ्या गृहस्थाने निरनिराळ्या रंगांचे उंदीर वाढवून हौशी लोकांना विकले. त्या काळापासून हा छंद रुजत गेला.

पाळीव उंदराचे आयुष्य साधारणतः दोन ते तीन वर्षांचे असते. पाचवीतील मुलाने आणलेले पिल्लू तो आठवीत जाईपर्यंत बहुधा बाल्य, तारुण्य आणि वार्धक्य अनुभवून चुकलेले असते.

चार ते सहा आठवड्यांचे पिल्लू अखंड खेळते, भावंडांशी कुस्ती करते, क्षणभरही हातावर ठरत नाही. याच सुमारास ते वयातही येते; म्हणून नर व मादी वेळीच वेगळे न ठेवल्यास संख्या झपाट्याने वाढते. काही नर तारुण्यात भांडखोर होतात. वर्ष उलटल्यावर बहुतेक नर जड व शांत होतात आणि मांडीवर स्वस्थ पहुडतात. माद्यांची चपळाई व शोधक वृत्ती त्यांच्याहून अधिक काळ टिकते.

दीड-दोन वर्षांनंतर झोप वाढते, मागचे पाय दुबळे होतात, वर चढणे जमेनासे होते व अंगाची स्वच्छता राखणे कठीण जाते. अशा वेळी पिंजऱ्यातील उंच मजले काढावेत, अंथरूण मऊ ठेवावे, पाणी व मऊ केलेले अन्न जवळ ठेवावे. तथापि प्रत्येक मरगळ वयाची नसते. शिंका, श्वासाची घरघर, डोळ्यांभोवती व नाकाशी लालसर स्राव किंवा अंगावर गाठ दिसल्यास पशुवैद्यांना दाखवावे. तो लाल स्राव बहुधा रक्त नसून डोळ्यांमागील ग्रंथीतून येतो. परंतु आजाराची वा ताणाची ती खूण असू शकते.

येथे श्रावकाचा प्रश्न उभा राहतो. उंदीर हा पंचेंद्रिय तिर्यंच जीव. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. अरुंद पिंजऱ्यात कोंडणे हा बंध नव्हे काय? मुलांचे कुतूहल ओसरल्यावर वृद्ध जीवाचे खाणेपिणे राहून जाते, तेव्हा अन्नपाननिरोधाचा दोष घरातील कोणाकडे जातो? उंदीर समूहप्रिय असल्याने त्याला एकटे ठेवणे हीदेखील पीडाच आहे. कंटाळा आला म्हणून त्याला बाहेर सोडून देणे म्हणजे दया नव्हे; माणसाच्या हाताखाली वाढलेला हा जीव मांजर, घार व उपासमार यांपुढे टिकत नाही.

म्हणून खरेदीपूर्वीच घरात विचार व्हावा. प्रशस्त जागा, समलिंगी सोबती, पशुवैद्यांचा खर्च आणि अखेरच्या महिन्यांतील शुश्रूषा यांची तयारी असेल तरच जीव घरी आणावा. तयारी नसेल तर मुलाला पांजरपोळात न्यावे. थकलेल्या जनावरांना तेथे त्याने आपल्या हाताने चारा घालावा. जीवदयेचा संस्कार त्यातूनही होतो, आणि त्यासाठी कोणाला पिंजऱ्यात राहावे लागत नाही.