कायदा आला, पण पोचलाच नाही!

महिनाभर राबायचं आणि पगाराच्या दिवशी कळायचं की मालकाचं दिवाळं वाजलं! मग पैसे मागायचे कुणाकडे? १९८५ साली इटलीतल्या ३४ कामगारांवर हीच पाळी आली. त्यांची कंपनी दिवाळखोर ठरली. सगळ्यांचा मिळून थकलेला पगार होता २५ कोटी ३० लाख लिरांहून जास्त. (आकडा ऐकून डोळे विस्फारू नका. लिरा हे इटलीचं तेव्हाचं चलन, आणि ते होतं भलतंच हलकं! आता तिथे युरो चालतो.)

खरी चीड येते ती पुढेच. अशा कामगारांना वाचवणारा कायदा तेव्हा पाच वर्षांचा झाला होता. मग तो गेला कुठे?

युरोपातल्या काही देशांनी मिळून एक संघटना केली. तेव्हा तिला युरोपीय समुदाय म्हणत, आज युरोपीय संघ म्हणतात. आता त्यात २७ देश आहेत. हे देश मिळून कायदे ठरवतात. त्यातल्या एका प्रकाराला म्हणतात ‘निर्देश’. निर्देश म्हणजे काय? समजा, सगळ्यांना एकच कापड दिलं, पण सदरा ज्याने त्याने आपल्या मापाने शिवून घ्यायचा, आणि तोही ठरलेल्या तारखेच्या आत! म्हणजे काय साधायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, पण त्यासाठीचा कायदा प्रत्येक देशाने आपापला करायचा.

ऑक्टोबर १९८० मध्ये असा एक निर्देश निघाला. कंपनी बुडाली तर कामगारांच्या थकलेल्या पगाराची ठरावीक रक्कम एका हमी निधीतून मिळाली पाहिजे, असं त्यात होतं. मुदत होती २३ ऑक्टोबर १९८३. इटलीचं कापड तसंच घडी घालून पडून राहिलं. शेवटी २ फेब्रुवारी १९८९ रोजी लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने सांगितलं, इटली चुकली. बस्, एवढंच! दंड करण्याची सोय तेव्हा नव्हती.

तुम्ही म्हणाल, सरकारला जाब विचारायला संसद असते ना? असते. पण इथेच तर मेख आहे. सरकारने वाईट कायदा आणला, तर विरोधी पक्ष बाकं वाजवून गोंधळ घालतात, वर्तमानपत्रांत मथळे येतात. आणि कायदा आणलाच नाही तर? न आणलेल्या कायद्याचा आवाज होत नाही. तो कुणाच्या टेबलावरच नसतो, मग बोट कशावर ठेवणार? त्यातून इटलीत संसदेची दोन सभागृहं, दोघांचे अधिकार सारखे. एकेक निर्देश घेऊन दोन्हीकडून मंजूर करायचा म्हणजे वर्षं सहज निघून जातात. थोडक्यात, जाब विचारणाराही थोडा उशीर करतोच बरं का!

यावर इटलीने मार्च १९८९ मध्ये एक तोड काढली. त्या कायद्याला ओळखतात ‘ला पेर्गोला कायदा’ म्हणून. आंतोनिओ ला पेर्गोला हे तेव्हाचे मंत्री. कायदा असा की, राहिलेल्या निर्देशांची मोट बांधून सरकारने दर वर्षी एक विधेयक संसदेपुढे आणायचंच. म्हणजे न शिवलेलं सगळं कापड वर्षातून एकदा सभागृहात उलगडून दाखवायचं! (२०१२ पासून त्या एका विधेयकाची दोन झाली.) नेदरलँड्समध्ये तर सरकार दर तीन महिन्यांनी संसदेला यादी देतं: कोणता निर्देश रखडला आणि का. हाती यादी असली की खासदार मंत्र्याला नेमकं विचारू शकतात, “हा का राहिला?” युरोपीय संसदेनेही १९८४ पासून कोणता देश कायदे कसे पाळतो याचा दर वर्षी अहवाल मागून घेतला आहे.

मला विचाराल तर यादी ही फार साधी, पण फार कामाची गोष्ट. मात्र नुसत्या यादीने भागत नाही. पगाराच्या निर्देशाचंच बघा. ला पेर्गोला कायद्यानंतरही त्याला जवळजवळ तीन वर्षं लागली!

दरम्यान ते ३४ जण स्वस्थ बसले नव्हते. फ्रँकोविच नावाच्या आणखी एका कामगाराचे सुमारे ६० लाख लिरा बुडाले होते. त्याचा आणि यांचा खटला एकत्र लक्झेंबर्गला गेला. १९ नोव्हेंबर १९९१ रोजी न्यायालय म्हणालं, सरकारने वेळेत कायदा केला नाही म्हणून नागरिकाचं नुकसान झालं, तर सरकारने ते भरून द्यायला हवं. मग मात्र चक्रं हलली. जानेवारी १९९२ मध्ये इटलीत कायदा झाला! आता तर दंडही होतो. वेगवान इंटरनेटच्या जाळ्याविषयीचा एक निर्देश पुरता अमलात आणला नाही, म्हणून २०१९ साली बेल्जियमला दिवसाला ५००० युरो दंड झाला. हा पैसा जातो जनतेच्या तिजोरीतून. साहजिकच खासदारही कान टवकारतात.

आणि फ्रँकोविचचं काय झालं? त्याचं नाव आज युरोपात कायदा शिकणाऱ्या मुलांना पाठ असतं. पण त्याचा मालक पडला लहान उद्योजक. इटलीच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे अशांचं दिवाळं जाहीरच होत नसे. म्हणून तो निर्देश त्याला लागू नाही, असं १९९५ साली त्याच न्यायालयाने सांगितलं. त्या ३४ जणांपैकी काहींचं भरपाईचं भांडण तर १९९७ सालीही लक्झेंबर्गच्या न्यायालयात चालूच होतं.