इक्वलायझरला हात सगळ्यात शेवटी : होम थिएटर रिसीव्हरचं साउंड सेटिंग

चॅनेलवर रिसीव्हरची जोडणी आपण बघितली. वायर कुठली कुठे जाते ते व्हिडिओत पटकन कळतं. पण साउंड सेटिंग हे थांबून, हातात रिमोट घेऊन, एकेक मेनू उघडून करायचं काम आहे, म्हणून ते इथे लिहितोय. दुकानदारांसाठी लिहितोय, पण ज्यांच्या घरी रिसीव्हर पडून आहे त्यांनाही हे तसंच्या तसं लागू पडेल.

होम थिएटर विकणाऱ्याकडे तीन तक्रारी ठरलेल्या असतात. "डायलॉग ऐकूच येत नाही, आणि गाणं लागलं की घर हादरतं." "बेस नुसता गडगडतो." आणि तिसरी, "तुमच्या दुकानात मस्त वाजत होतं, घरी मजा नाही." तिन्ही वेळा कस्टमरने, किंवा आपण पाठवलेल्या पोऱ्याने, आधी एकच गोष्ट केलेली असते. इक्वलायझर उघडायचा, डावीकडचे बँड वर, उजवीकडचे बँड वर, मधले खाली. स्क्रीनवर छान हसरा चेहरा तयार होतो. पहिली पाच मिनिटं सगळे खूश. मग पिक्चर लावला की डायलॉग गायब, कारण माणसाचा आवाज नेमका त्या खाली केलेल्या मधल्या भागात असतो.

रिसीव्हरवर मार्जिन किती सुटतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्यात माणूस दोनदा परत पाठवला की पेट्रोल आणि त्याचा अर्धा दिवस गेला. सेट परत आला तर फोडलेला बॉक्स आपल्या गळ्यात. बीबीएला आम्हाला आफ्टर सेल्स सर्व्हिसवर अख्खं प्रकरण होतं, पण या धंद्यात ती सर्व्हिस विक्रीच्या दिवशीच, त्या एका तासातच करायची असते.

इक्वलायझर नेमकं काय करतो? आवाजाच्या वेगवेगळ्या भागांना वेगळा व्हॉल्यूम देतो, एवढंच. हर्ट्झचा आकडा लहान म्हणजे जाड आवाज, मोठा म्हणजे बारीक आवाज. डेनॉनच्या ग्राफिक इक्वलायझरमध्ये ६३ हर्ट्झपासून १६ किलोहर्ट्झपर्यंत नऊ बँड मिळतात. यामाहाच्या बऱ्याच मॉडेलमध्ये पॅरामेट्रिक प्रकार असतो, त्यात कुठला हर्ट्झ आणि किती रुंद भाग हेही ठरवता येतं. पण स्पीकर उलटा जोडलाय, सेंटर स्पीकर कमी वाजतोय, सबवूफर चुकीच्या कोपऱ्यात आहे, यातलं काहीच इक्वलायझर दुरुस्त करू शकत नाही. म्हणून त्याचा नंबर शेवटचा.

आधी स्पीकरचं बघा

पहिलं काम वायरचं. प्रत्येक स्पीकरची लाल लालला, काळी काळीला. एकच स्पीकर उलटा लागला तर आवाज येतोच, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. पण डावा-उजवा एकमेकांच्या विरुद्ध ढकलतात आणि बेस पातळ होतो, गायक मधोमध उभा न राहता हवेत पसरतो. असं जाणवलं की आधी वायर तपासा, मग मेनू.

मग स्पीकर सेटअपमध्ये जा. तिथे 'लार्ज' आणि 'स्मॉल' असा पर्याय असतो. मोठे टॉवर घेतलेल्या कस्टमरला 'स्मॉल' हा शब्द बघूनच राग येतो. "एवढे पैसे मोजले, आणि स्मॉल?" त्याला समजवा की हा आकाराचा अपमान नाही. स्मॉल म्हणजे जाड आवाज सबवूफरकडे पाठव, बाकीचं या स्पीकरकडे ठेव. सबवूफर असेल तर जवळजवळ प्रत्येक घरात स्मॉलच बरोबर. कुठल्या हर्ट्झला हे काम वाटायचं तो आकडा म्हणजे क्रॉसओव्हर. ८० हर्ट्झपासून सुरुवात करा, टीएचएक्सनेही हाच आकडा मानक धरलाय. मुठीएवढे सॅटेलाइट स्पीकर असतील तर १२० किंवा १५० लागेल, कारण त्यांच्याकडून ८० निघतच नाही आणि मध्ये खड्डा पडतो. सबवूफरच्या मागेही क्रॉसओव्हरचं बटण असतं. ते पूर्ण वर फिरवून ठेवा किंवा एलएफईवर टाका. दोन ठिकाणी गाळणी लावायची नाही.

अंतराचा मेनू बरेच जण सोडून देतात. आवाज एका सेकंदात साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका फुटाला एक मिलिसेकंदाच्या जवळपास. मागचा स्पीकर सोफ्यापासून ३ फुटांवर आणि पुढचा १० फुटांवर असेल तर मागचा आवाज साधारण ६ मिलिसेकंद आधी कानावर पडतो. टेप घ्या, बसायच्या जागेपासून प्रत्येक स्पीकर मोजा, आकडे भरा. रिसीव्हर जवळच्या स्पीकरला तेवढा थांबवतो.

डायलॉगची तक्रार

यावर थोडं जास्त बोलू, कारण दहातल्या बऱ्याचशा तक्रारी इथल्याच.

५.१ मिक्समध्ये बहुतेक डायलॉग सेंटर स्पीकरमधून येतात. आता घरात जाऊन बघा, तो सेंटर स्पीकर कुठे असतो? टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात, आत सरकवलेला, पुढे सेट टॉप बॉक्स, वर घडी केलेला रुमाल, आणि तोंड आपल्या गुडघ्यांकडे. तो कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढा. खाली पुढच्या बाजूला रबराचे दोन बूच ठेवून त्याचं तोंड बसणाऱ्याच्या कानाकडे करा. एका निवृत्त शिक्षक काकांकडे आम्ही एवढंच केलं, मेनूला हातही लावला नव्हता, आणि ते म्हणाले, "आता नाटक ऐकू येतंय."

त्यानंतर लेव्हल. टेस्ट टोन सुरू केला की प्रत्येक स्पीकरमधून आळीपाळीने खरखर आवाज येतो. बसायच्या जागी सगळे सारखे ऐकू आले पाहिजेत. मोबाइलवरचं साउंड मीटर ॲप अचूक नसतं, पण एका स्पीकरची दुसऱ्याशी तुलना करायला चालतं. सगळं सारखं झाल्यावरही घरात वयस्कर माणसं असतील तर सेंटर २ किंवा ३ डीबी वर करा. हे पुस्तकात बसत नाही, पण पैसे देणाऱ्याला ऐकू यायला हवं.

आणखी एक लपलेलं कारण. टीव्हीमधून एचडीएमआय एआरसीने आवाज घेत असाल तर टीव्हीच्या मेनूत डिजिटल आउटपुट बघा. तिथे पीसीएम असेल तर बऱ्याच टीव्हीमधून ५.१ ऐवजी नुसता स्टिरिओ बाहेर पडतो. ते ऑटो किंवा बिटस्ट्रीम करा. रिसीव्हरच्या डिस्प्लेवर डॉल्बीचं नाव आलं की काम झालं.

माइक लावताना

आजकाल बहुतेक रिसीव्हरसोबत छोटा माइक येतो. डेनॉन-मरांट्झमध्ये ऑडिसी, यामाहात वायपाओ, ओंक्योत ॲक्यूईक्यू. नावं वेगळी, काम एकच : स्पीकर वाजवून, मोजून अंतर, लेव्हल आणि इक्वलायझर स्वतः भरायचं. वर सांगितलेलं अर्धं काम हा माइक करतो, पण त्याला स्वच्छ मोजू दिलं तर.

पंखा बंद. एसी बंद. स्वयंपाकघरात कुकर चढवला असेल तर शिट्ट्या संपेपर्यंत चहा घ्या. माइक कॅमेऱ्याच्या स्टँडवर, कानाच्या उंचीवर. सोफ्याच्या पाठीवर टेकवायचा नाही, हातात तर अजिबात नाही. पहिलं मोजमाप मुख्य बसायच्या जागी, बाकीची आजूबाजूला एक-दीड फुटाच्या अंतराने. जितक्या जागा मागेल तितक्या द्या, एका जागेवर उरकू नका.

झाल्यावर आकडे डोळ्यांखालून घाला. सबवूफरचं अंतर टेपपेक्षा जास्त दाखवलं तर ते तसंच राहू द्या. सबवूफरच्या आतल्या सर्किटचा उशीर त्यात धरलेला असतो. पण सबवूफरची लेव्हल पार तळाला, उणे १२ वर गेली असेल तर त्याच्या मागचं व्हॉल्यूम बटण कमी करून पुन्हा मोजा. आणि स्पीकर 'लार्ज' ठरवले असतील तर हाताने 'स्मॉल' करा.

खोली

"बेस गडगडतो" याला रिसीव्हर क्वचित जबाबदार असतो. आपल्याकडे हॉल म्हणजे दहा बाय बारा, खाली टाइल्स, समोर काच, सोफा भिंतीला चिकटलेला. १२ फूट लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज भिंतीभिंतींमध्ये अडकून फुगतो, १० फुटांत ५६ च्या आसपास. खोली दहा बाय दहा असेल आणि छतही दहा फुटांच्या जवळ, तर तिन्ही दिशांची फुगी एकाच ठिकाणी येऊन बसते. गाण्यातली तीच एक नोट घर हलवते, बाकीच्या गप्प.

उपाय हसण्यासारखा आहे, पण चालतो. सबवूफर उचलून सोफ्यावर, बसायच्या जागी ठेवा. बेस असलेलं गाणं लावा आणि खोलीत जमिनीलगत रांगत फिरा. जिथे बेस सगळ्यात सपाट आणि स्वच्छ ऐकू येईल, तिथे सबवूफर ठेवायचा. शेठ घरात रांगतोय म्हणून मुलं हसतील, हसू द्या. सोफा भिंतीपासून फूटभर पुढे आला, खाली जाड सतरंजी आणि काचेला पडदा आला, तर निम्मी तक्रार तिथेच मिटते.

आता इक्वलायझर

इथपर्यंत आलात तर फार थोडं काम उरलंय. आधी एक माहिती : डेनॉनमध्ये ऑडिसी चालू असताना ग्राफिक इक्वलायझर लावता येत नाही, आणि डायनॅमिक इक्यू चालू असेल तर टोन कंट्रोल चालत नाही. बटण राखाडी दिसतं म्हणून "पीस खराब आहे" असे फोन येतात. खराब काही नाही, दोनातलं एक निवडायचं.

नियम एकच : वाढवण्याआधी कमी करून बघा. ३ डीबी वाढवले की ॲम्प्लिफायरला तिथे दुप्पट ताकद लावावी लागते, ६ डीबीला चौपट. सगळे बँड वर नेले तर मोठ्या आवाजात ॲम्प्लिफायर दमतो, आवाज फाटतो, आणि ट्वीटर जळायचं ते एक कारण असतं. खोलीमुळे एखाद्या जागी बेसचा खड्डा पडला असेल तर तिथे वाढवून उपयोगही नाही, कितीही ओता, तो भरत नाही. फुगलेला भाग मात्र कमी करता येतो, आणि तो केला की बाकीचं आपोआप उघडं पडतं.

गडगडाट असेल तर ६३ आणि १२५ वाला बँड २-३ डीबी खाली. आवाज डब्यातून आल्यासारखा वाटत असेल तर २५० ते ५०० थोडा खाली. डायलॉगमधली व्यंजनं अजून पुसट असतील तर फक्त सेंटरला २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये १-२ डीबी वर, इथे तेवढं वाढवलेलं चालतं. 'स' आणि 'श' कानात टोचत असतील तर ८ किलोहर्ट्झचा बँड खाली. एका वेळी एकच बँड हलवायचा, आणि मग बंद-चालू करून ऐकायचं.

ऐकायला काय लावायचं? स्फोटाचे सीन नकोत, स्फोट खरा कसा वाजतो हे आपल्यापैकी कुणालाच माहीत नसतं. ढोलकी लावा. ढोलकीचा धुमा आणि शाईवरची कडक थाप आपल्या माणसाच्या कानात लहानपणापासून बसलेली असते, चुकीची वाजली की कस्टमर लगेच सांगतो. त्यानंतर 'सैराट'मधलं एखादं गाणं, त्यातला सिम्फनी ऑर्केस्ट्रा अमेरिकेत रेकॉर्ड केलेला आहे, व्हायोलिनचा ताफा रुंद पसरतो की एका जागी गोळा होतो ते लगेच कळतं. शेवटी मराठी बातम्या, दोन मिनिटं, नुसता माणसाचा आवाज.

आणि हे सगळं कस्टमर ज्या आवाजात रोज ऐकतो त्याच आवाजात करा. व्हॉल्यूम कमी झाला की माणसाच्या कानाला जाड आणि अगदी बारीक आवाज जास्त कमी ऐकू येतात; फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. दुकानात आपण जोरात वाजवतो, घरी तो रात्री हळू वाजवतो. "तुमच्या दुकानात मस्त वाजत होतं" याचं निम्मं उत्तर हे आहे. त्यासाठी डायनॅमिक इक्यूसारखी सोय चालू ठेवा. रात्री मुलं झोपल्यावर बघणारं घर असेल तर नाइट मोड किंवा डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशनही दाखवा. मोठे आवाज त्यात दबतात, त्यामुळे शेजाऱ्यांशी भांडण न होता डायलॉग ऐकू येतात.

या सगळ्याला एक ते दीड तास लागतो. तो फुकट देऊ नका. बिलावर 'साउंड सेटिंग' अशी वेगळी ओळ लिहा, रक्कम तुमच्या गावाप्रमाणे ठेवा, आणि कस्टमरला विक्रीच्या वेळीच सांगा. निघण्याआधी क्रॉसओव्हर, अंतर, लेव्हल आणि हलवलेले बँड एका कार्डावर लिहून त्याचा मोबाइलवर फोटो काढा. कार्ड रिसीव्हरच्या बाजूला चिकटवा. कधी लाइट गेली-आली, कधी नातवाने रीसेट मारला, तर फोनवरूनच पाच मिनिटांत आकडे भरून देता येतात.