*अंडी पेटीत, पण लक्ष खोलीवर*



थर्माकोलचा डबा, दोन बल्ब, एक छोटा पंखा आणि तापमानाचा बोर्ड, एवढ्यात घरची उबवणी पेटी तयार होते. खुडूक कोंबडीखाली १२-१५ अंडी बसतात, पेटीत ४०-५० मावतात. पण ४० अंडी ठेवून ८ पिल्लं निघाली, तर उरलेली ३२ गावरान अंडी विकलेली काय वाईट होती, असं वाटतं. मग आपण पेटीला दोष देतो. पुष्कळदा चूक पेटीची नसते, ती ज्या खोलीत ठेवली त्या खोलीची आणि ऋतूची असते.

*१) बोर्ड पेटी तापवतो, थंड करत नाही*

पंखा असलेल्या पेटीत ३७.५ अंश सेल्सिअस ठेवायचं. पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या टोकाजवळ ३८.५ च्या आसपास. बोर्ड काय करतो? तापमान उतरलं की बल्ब लावतो, चढलं की बंद करतो. बस. खोलीच ४२ अंशांवर गेली तर बल्ब बंद असूनही पेटी तापत राहते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, टिनाखाली त्याहून जास्त.

अंड्यातला जीव थोडा गारवा सोसतो, जास्तीची उष्णता सोसत नाही. पेटी ३-४ तास ३५ अंशांवर राहिली तर वाढ फक्त मंदावते. पण ४०.५ अंशांवर पाव तासही गेला तर मोठं नुकसान होतं.

म्हणून पेटी टिनाच्या शेडात नको. मातीच्या भिंतीची, कवेलूची, आतली खोली बघा. ऊन, चूल आणि दाराचा झोत यांपासून लांब ठेवा. आपल्याकडे पेटीचा खरा हंगाम दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत. मार्कंड्याची जत्रा भरेपर्यंत शेवटची बॅच बाहेर पडली पाहिजे. भर उन्हाळ्यात पेटी बंदच ठेवलेली बरी.

पेटीत ठेवण्याआधीचं अंडंही जपा. गरम खोलीत पडलेल्या अंड्यात जीव अर्धवट वाढायला लागतो आणि मग मरतो. माठात ओली रेती घालून त्यावर अंडी ठेवा, रुंद बाजू वर. ७ दिवसांपेक्षा जुनं अंडं नको. धुऊ नका, फ्रिजमध्येही ठेवू नका.

*२) आधी थर्मामीटर तपासा*

स्वस्त बोर्ड एखादा अंश सहज चुकतो, आणि इथे एक अंश म्हणजे पुष्कळ झालं. घरातला तापाचा थर्मामीटर घ्या. कोमट पाण्याच्या वाटीत तो आणि बोर्डाची तार सोबत बुडवा. तापाचा थर्मामीटर ९९.५ फॅरनहाइट दाखवेल तेव्हा बोर्डावर ३७.५ यायला हवं. फरक असेल तर तेवढा हिशेबात धरा.

बाजारातल्या डब्ल्यू-१२०९ बोर्डात पी-१ नावाचं सेटिंग असतं. ते २ वर असेल तर तापमान २ अंश उतरल्याशिवाय बल्ब लागत नाही. ते ०.२ किंवा ०.३ करा. तार अंड्यांच्या उंचीवर ठेवा, बल्बसमोर नको.

बल्ब जुन्या पद्धतीचे, तारेचे घ्या. एलईडीने ऊब येत नाही. एका मोठ्यापेक्षा दोन लहान बरे, एक गेला तर दुसरा सांभाळतो. बल्ब थर्माकोलला टेकू देऊ नका. पेटीत पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या ठेवा, त्या ऊब धरून ठेवतात.

*३) ओलावा ऋतू बघून*

पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के, शेवटचे ३ दिवस ६५ ते ७० टक्के ओलावा लागतो. पण पाणी किती ठेवायचं ते ऋतूवर ठरतं. हवा तापली की तिच्यातल्या ओलाव्याचा टक्का घटतो.

हिवाळ्यात पहाटे खोलीत १५ अंश आणि ६० टक्के ओलावा असला, तर तीच हवा पेटीत तापल्यावर ओलावा १६-१७ टक्क्यांवर येतो. तेव्हा पसरट ताटलीत पाणी हवंच. पाणी किती खोल आहे याला महत्त्व नाही, किती पसरलंय याला आहे. कमी पडलं तर दुसरी ताटली वाढवा.

पावसाळ्यात उलट. खोलीत २८ अंश आणि ९० टक्के असेल तर पेटीत आपोआप ५२-५३ टक्के होतात. म्हणजे १८ दिवस ताटली कोरडीच ठेवायची! श्रावणातही हिवाळ्याइतकंच पाणी भरलं तर पिल्लं अंड्यातच गुदमरतात.

ओलावा मापकाची परीक्षा मिठाने होते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चिखलासारखं होईल इतकंच पाणी टाका. मापकासोबत हवाबंद डब्यात ७-८ तास ठेवा. ७५ दाखवायला हवं.

त्याहून पक्की खूण तराजूची. १८ दिवसांत अंड्याचं वजन सुमारे १२ टक्के उतरायला हवं. १० अंडी ४५० ग्रॅम भरली तर रोज साधारण ३ ग्रॅम कमी व्हायला हवेत: ७व्या दिवशी ४२९, १४व्या दिवशी ४०८, १८व्या दिवशी ३९६. जास्त उतरलं तर पाणी वाढवा, कमी उतरलं तर पाणी काढा.

*४) लाईन गेली तर*

घाबरू नका, झाकण उघडू नका. पेटीवर गोधडी टाका. पहिल्या दोन आठवड्यांत हवेची भोकं थोडा वेळ बंद केली तरी चालतं. शेवटच्या दिवसांत मात्र एखादं उघडं ठेवा, पिल्लांना श्वास लागतो. लाईन जास्त वेळ आली नाही तर गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून आत ठेवा, अंड्यांना टेकू देऊ नका.

*५) वळवणं*

कोंबडी चोचीने अंडी फिरवते, ते काम आता आपलं. दिवसातून ३ किंवा ५ वेळा, हात धुऊन. अंड्यावर एका बाजूला फुली, दुसरीकडे गोल काढा म्हणजे चुकत नाही. १८व्या दिवसानंतर वळवणं बंद, झाकणही बंद. २१व्या दिवशी कौतुकाने दहा वेळा उघडून बघितलं तर ओलावा निघून जातो आणि पडदा वाळून पिल्लाला चिकटतो.

*६) न निघालेलं अंडं फोडून बघा*

👉 पिल्लू फुगलेलं, ओलं, चिकट: ओलावा जास्त झाला.
👉 पडदा वाळून अंगाला चिकटलेला: ओलावा कमी पडला किंवा झाकण उघडलं.
👉 पिल्लं १९-२० दिवसांतच, बेंबी नीट न मिटलेली: तापमान जास्त.
👉 पिल्लं २२-२३ व्या दिवशी, मरगळलेली: तापमान कमी.
👉 ७व्या दिवशी टॉर्चवर रक्ताचं कडं: जीव सुरुवातीलाच मेला. अंडं जुनं होतं किंवा पेटी तापली.

प्रत्येक बॅचची एक वही ठेवा: तारीख, सकाळ-दुपार-रात्र पेटीचं आणि *खोलीचंही* तापमान, अंड्यांचं वजन, किती निघाली. दोन-तीन बॅचनंतर ही वहीच सांगेल की तुमच्या घरात कोणत्या महिन्यात पेटी लावायची आणि कोणत्या महिन्यात अंडी खुडूक कोंबडीखालीच द्यायची. उन्हाळ्यात सावलीची जागा ती स्वतः शोधते, पेटीला ते जमत नाही.

काही अडलं तर याच नंबरवर वहीच्या पानाचा फोटो आणि आवाजी मेसेज पाठवा. पहिली बॅच १०-१२ अंड्यांचीच लावा, मग पेटी भरा.