बारावीनंतर थांबताना

“मॅडम, पोराला एक वर्ष थांबवू का?” बारावीचा निकाल लागला की त्र्यंबक तालुक्यातले पालक हा प्रश्न घेऊन येतात. मी इथं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे ‘नीट’ देणाऱ्या मुलांचे आईबाप आधी माझ्याकडे वळतात. मी त्यांना विचारते : कशासाठी थांबणार? आणि घरात अभ्यासाला किती तास मोकळे मिळणार?

थांबायला नियमांची आडकाठी फारशी नाही. नीट कितीही वेळा देता येते. जेईई मेन सलग तीन वर्षं देता येते, जेईई ॲडव्हान्स्ड मात्र लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच, हे आयआयटीची स्वप्नं बघणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्यावं. पुढच्या वर्षी प्रवेश घेताना मधल्या काळाचं प्रतिज्ञापत्र मागतात. ते करून दिलं की झालं.

आमच्याकडच्या काही मुलांना तर हे वर्ष खरोखर लागतं. आश्रमशाळेत दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलगी अकरावीला एकदम इंग्रजीतलं भौतिकशास्त्र उघडते. पहिलं वर्ष शब्द समजण्यात जातं, दुसऱ्या वर्षी विषय उमगायला लागतो आणि तेवढ्यात परीक्षा येते. नीट मराठीतूनही देता येते, पण क्लासची पुस्तकं बहुतेक इंग्रजीच असतात. अशा मुलीचे सराव परीक्षांतले गुण शेवटच्या महिन्यांत चढत गेले असतील, तर मी पालकांना ठामपणे सांगते, थांबवा तिला. गुण जागेवरून हलतच नसतील आणि डॉक्टर व्हायची हौस मुलापेक्षा घरच्यांनाच जास्त असेल, तर थांबवू नका.

परदेशात अशा मधल्या वर्षाची चांगली व्यवस्था लावलेली दिसते. डेन्मार्कमध्ये ग्रुंटव्हिग या शिक्षणचिंतकाच्या विचारातून १८४४ साली पहिली लोकशाळा निघाली. आजही तिथली कितीतरी मुलं शाळा संपल्यावर काही महिने अशा निवासी शाळेत राहतात, गाणं शिकतात, हातानं वस्तू घडवतात, समाजाविषयी वाद घालतात. परीक्षा नसते. अमेरिकेतलं प्रिन्स्टन विद्यापीठ २००९ पासून प्रवेश मिळालेल्या काही मुलांना वर्ग सुरू होण्याआधी नऊ महिने परदेशी समाजकार्याला पाठवतं. पहिल्या वर्षी त्यांतली काही आपल्या वाराणसीत आली होती. हे वाचताना मला एकच गोष्ट टोचते : त्या मुलांची विद्यापीठातली जागा राखून ठेवलेली असते. आमच्या मुलांची जागा कुणी राखत नाही.

आणि इथली बरीच मुलं आपण होऊन थांबतच नाहीत, ती अडकतात. आमचा तालुका मुख्यतः आदिवासी : कोळी महादेव, ठाकर, वारली, कोकणा. अनुसूचित जमातीच्या राखीव जागेवर व्यावसायिक शिक्षणाला जायचं तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी वडिलांकडच्या नात्यातले जुने पुरावे गोळा करायचे : आजोबांचा शाळेचा दाखला, जनरल रजिस्टरचा उतारा, चुलत्याची, आत्याची कागदपत्रं, कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदीची) नक्कल. ज्या घरातलं पहिलंच मूल कॉलेजात आलंय, त्या घरात आजोबांचा दाखला कुठून येणार? माझ्या एका विद्यार्थिनीला गुण पुरेसे होते, कागद वेळेत झाले नाहीत, प्रवेश हुकला. त्या वर्षी ती आईबरोबर दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला गेली. कागद पुढच्या पावसाळ्याआधी हातात आले आणि ती पुन्हा परीक्षेला बसली, म्हणून बरं. कारण मुलगी वर्षभर घरी आहे म्हटल्यावर स्थळं यायला लागतात. ‘एक वर्ष थांबू’ म्हणून शाळेबाहेर पडलेल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न लागलेल्या हुशार मुली मी पाहिल्या आहेत. त्याचा मला आजही संताप येतो.

मुलांना दुसरी ओढ असते. आमच्याकडच्या येत्या सिंहस्थ कुंभमेळ्याची मोठी स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत, आणि नेमक्या त्याच सुमाराला प्रवेशाच्या फेऱ्या चालतात. २०१५ च्या सिंहस्थात पार्किंगवर, चहाच्या गाड्यांवर कामाला लागलेली काही मुलं हातात पैसा आल्यावर कॉलेजकडे परतलीच नाहीत. कामात काहीच वाईट नाही. भात लावणी असो की दुकान, घरची गरज खरी असते. पण प्रवेश आधी घ्या, काम नंतर.

थांबणाऱ्यांना मी एक आग्रह धरते. मुलाचं नाव कुठल्या तरी पटावर राहू द्या. नाशिकला गंगापूर धरणाजवळ यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून उभं आहे. तिथं पदवीला नाव घालून घरून शिकता येतं, नीटचा अभ्यासही चालू ठेवता येतो. नव्या शैक्षणिक धोरणानं आणखी एक वाट दिली आहे. पदवीचं एक वर्ष पुरं करून बाहेर पडलं तर ठरलेल्या अटींवर प्रमाणपत्र मिळतं, आणि मिळवलेले श्रेयांक क्रेडिट बँकेत सात वर्षांपर्यंत टिकतात. ज्याला खरंच दम घ्यायचा आहे, त्यानं दारातून परत फिरण्यापेक्षा एक वर्ष आत काढून मग थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जात वैधतेचा अर्ज विज्ञान शाखेच्या मुलांना बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करता येतो. तुमच्या घरात अकरावी-बारावीचं मूल असेल तर निकालाची वाट बघू नका. येत्या दिवाळीच्या सुट्टीआधी एक दिवस काढून आजोबांच्या जुन्या शाळेत जा, आणि जनरल रजिस्टरचा उतारा घेऊनच घरी या.