मुहूर्त फुलांचाही असतो



लग्न ठरलं की हॉल, जेवण, साड्या यांच्या याद्या सहा महिने आधी सुरू होतात. फुलांचा विषय मात्र शेवटच्या आठवड्यात निघतो, आणि तोही ‘स्टेजला कोणता रंग शोभेल’ एवढाच. आज मी रंगाबद्दल फारसं बोलणार नाही. मी बोलणार आहे घड्याळाबद्दल. प्रत्येक फुलाची उमलायची वेळ असते, कोमेजायची वेळ असते. ती तुमच्या मुहूर्ताशी जुळली, की निम्मं काम झालं.

आपण वसईकर या बाबतीत भाग्यवान. निर्मळ-भुईगावापासून आगाशी-अर्नाळ्यापर्यंतच्या वाड्यांमध्ये मोगरा, सोनचाफा, तगर, अबोली ही फुलं पिढ्यान्‌पिढ्या होत आली. विहिरी आणि बावखलांच्या गोड्या पाण्यावर या वाड्या उभ्या राहिल्या. पहाटे तोडणी आणि मग लोकलने सुमारे 40 किलोमीटरवरचा दादरचा फूलबाजार, हा इथला जुना क्रम. कधी कधी गंमत अशी होते, की आपल्या शेजारच्या वाडीतलं फूल दादरला जातं आणि आपला डेकोरेटर तेच तिथून परत घेऊन येतो. मधल्या काही तासांत फुलाचं निम्मं आयुष्य गेलेलं असतं.

आता एकेक फूल घेऊ.

पहिला मोगरा. तोडतात ती कळी, पहाटे, टपोरी पण मिटलेली. ती उमलते संध्याकाळी, आणि वास भरात येतो रात्री. कारण साधं आहे. रात्री उडणाऱ्या पतंगांना बोलावण्यासाठी तो वास असतो. म्हणून संध्याकाळच्या रिसेप्शनला मोगऱ्यासारखं फूल नाही. सकाळी 10 च्या मुहूर्ताला त्याच दिवशीच्या कळ्यांचा गजरा घ्या; तो पांढराशुभ्र दिसेल, पण वास बेताचाच येईल. आदल्या दिवशीचा उमललेला गजरा घेतलात, तर मंगलाष्टकं संपेपर्यंत कडा तपकिरी व्हायला लागतात. आणखी एक, मोगऱ्याचा खरा बहर उन्हाळ्यात. डिसेंबरातलं लग्न असेल तर मोगरा कमी आणि महाग. तेव्हा कागडा विचारा. दिसायला देखणा, वास मात्र नावापुरता.

दुसरा सोनचाफा. हा सकाळचा राजा. सूर्योदयाच्या आधी, कळीचं तोंड नुकतं सैल होत असताना तोडतात. सकाळभर वास दरवळतो, पण पाकळीला बोट लागलं की डाग पडतो. आमच्या घरच्या एका लग्नात आम्ही हौसेने आदल्या दुपारी शेकड्याने चाफा आणला आणि फ्रिजमध्ये ठेवला, आंब्यांच्या शेजारी. सकाळी उघडून पाहिलं तर अर्धी फुलं काळवंडलेली. नवरीची आई त्या टोपलीकडे बघत राहिली. चूक दोन ठिकाणी झाली होती. एक, चाफा आदल्या दिवशी आणायचाच नसतो. दोन, पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो, आणि तो फुलांना लवकर म्हातारं करतो. फुलं आणि फळं एका जागी ठेवायची नाहीत, एवढं जरी लक्षात ठेवलंत तरी आजचं व्याख्यान वसूल!

तिसरी अबोली. हिला वास नाही, पण टिकाऊपणात ती सगळ्यांना मागे टाकते. म्हणून वेणीत अबोली आणि मोगऱ्याची जोडी लावतात, एकीचा रंग, दुसऱ्याचा वास. उन्हातल्या वरातीला, मे महिन्याच्या घामाला अबोली पुरते.

हारांसाठी निशिगंध आणि गुलाब. निशिगंधाची काडी खालून वर उमलत जाते, त्यामुळे फुलदाणीत ती काही दिवस चालते. चर्चमधल्या वेदीसाठी म्हणूनच ती सोयीची. लांब दांड्याचे डच गुलाब तळेगावकडच्या पॉलिहाऊसमधून येतात. ते टिकतात, दिसतात, पण वास शोधावा लागतो. टिकाऊपणासाठी जाती निवडताना वास मागे पडला. म्हणून हाताच्या गुच्छात डच गुलाब ठीक. गळ्यातल्या हारात, नाकाजवळ, देशी गुलाबच हवा. तोरणाला झेंडू, त्याला पर्याय नाही.

प्रश्न : म्हणजे परदेशी फुलं घेऊच नयेत का?

तसं म्हटलं तर झेंडू आणि निशिगंध दोन्ही मूळचे मेक्सिकोकडचे. आज झेंडूशिवाय आपला दसरा होत नाही! फूल कुठून आलं यापेक्षा ते कधी तोडलं हे विचारा. थायलंडचं ऑर्किड स्टेजवर दोन दिवस राहील, जरूर लावा. पण अंगावरची फुलं, म्हणजे गजरा, वेणी, हार, ही त्याच पहाटेची असू द्या.

प्रश्न : प्लॅस्टिकची फुलं स्वस्त पडतात, पुन्हा वापरता येतात. मग काय हरकत आहे?

हिशेब बरोबर आहे, पण अर्धाच आहे. खरी फुलं दुसऱ्या दिवशी खतात जातात. प्लॅस्टिक चार लग्नांनंतर कचऱ्यात जातं आणि तिथेच राहतं. शिवाय आपल्याकडे वाडीच्या कुंपणाला लागून इमारती आल्या आहेत. पहाटे चारला उठून कळ्या तोडणारी बाई आणखी किती वर्षं उठेल, हे कळीला गिऱ्हाईक आहे की नाही यावर ठरतं. लग्नसराई हा तिचा कमाईचा काळ. आपल्या लग्नात तिची फुलं नसतील, तर वाडी राखायची कशासाठी?

शेवटी करायचं काय ते सांगतो. मुहूर्ताची वेळ आणि महिना आधी लिहा. त्याखाली अंगावरची फुलं वेगळी, सजावटीची वेगळी मांडा. पंधरा दिवस आधी ओळखीच्या वाडीवाल्याकडे जा. चाफा शेकड्यावर आणि मोगरा वजनावर सांगून ठेवा. आणि लग्नाच्या पहाटे घरातल्या एका जबाबदार माणसाला वाडीवर पाठवा. सोबत ओलं फडकं आणि केळीचं पान द्या. गजरा त्यात गुंडाळून, सावलीत ठेवून आणा.