एकाच डब्यातला रंग

आमच्या पुस्तकांच्या कपाटाला दोन दारे आहेत. ती एकाच सुताराने एकाच मापाची घडवली, एकाच कारागिराने एकाच डब्यातला रंग त्यांना एकाच दुपारी लावला, आणि तरीही डावे दार मधाच्या रंगाचे व उजवे काकवीच्या रंगाचे निघाले. पैसे मोजणाऱ्या माणसाला अशा वेळी जो स्वाभाविक संताप येतो तो मलाही आला, आणि मी पॉलिश करणाऱ्या वृद्ध कारागिरापुढे माझी फिर्याद रीतसर मांडली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, चिंधीला हात पुसले आणि म्हणाले, "साहेब, डबा एक, हात एक, पण लाकडं दोन आहेत." पुढचा तासभर त्यांनी जो जबाब दिला त्याने माझी फिर्याद तर निकालात निघालीच, शिवाय रंग ही वस्तूवर वरून चढवायची गोष्ट आहे, ही माझी जन्माची समजूतही निघाली.

सागाच्या ओंडक्याचा आडवा छेद पाहिला तर सालीलगत फिकट पिवळसर पट्टा दिसतो आणि त्याच्या आत सोनेरी तपकिरी गाभा. बाहेरचा पट्टा म्हणजे झाडाच्या हयातीत पाणी वाहणारे रसकाष्ठ. सुतार त्याला नुसते 'पांढरं' म्हणतो, आणि त्या एका शब्दात त्याचा सगळा तिरस्कार येतो, कारण कीड प्रथम तेथेच लागते. गाभ्यातील नळ्यांचे पाणी वाहण्याचे काम संपलेले असते. तेथे तेलकट व रंगीत द्रव्ये साठतात आणि सागाचे टिकाऊपण त्यांच्यातूनच येते. एकाच फळीत पांढरे व गाभा शेजारी आले की कितीही गडद रंग द्या, सीमारेषा खालून डोकावतेच. म्हणून जाणता कारागीर आधी पांढऱ्याच्या पट्टीवर पातळ रंगाचा एक वेगळा हात फिरवतो, तिला गाभ्याच्या पंक्तीला आणून बसवतो, आणि मगच सबंध फळीला रंग देतो.

त्याहून सूक्ष्म प्रकरण वार्षिक वलयांचे. उन्हाळ्यात निष्पर्ण उभा असलेला साग पावसाळ्याच्या आरंभी वाढीला लागतो, तेव्हा प्रथम मोठ्या, नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या छिद्रांचे लाकूड घडवतो आणि पुढे हंगाम सरत जाईल तसतसे बारीक छिद्रांचे, घट्ट लाकूड. दर वर्षाच्या या जमाखर्चाची एकेक ओळ फळीवर उतरते. गेरू, पिवडी, हिरमंजी यांसारख्या मातीच्या रंगांचे कण पाण्यात किंवा तेलात विरघळत नाहीत. ते त्या मोठ्या छिद्रांत जाऊन बसतात आणि सपाट, घट्ट जागेवरून चिंधीबरोबर पुसले जातात, त्यामुळे रेषा ठळक होतात. विरघळणारे रंग मात्र तंतूंत शिरतात आणि घट्ट भागालाही सोडत नाहीत; तेथे रेषा झाकल्या न जाता सर्वच लाकूड रंगून निघते. गिऱ्हाईक 'अक्रोडी रंग द्या' एवढेच फर्मावते. तो अक्रोड छिद्रांत बसवायचा की तंतूंत मुरवायचा, हा निर्णय कारागिराचा, आणि कपाटाचे सारे रूप त्या निर्णयावर ठरते.

चीड आणि इतर पाईन जातींच्या लाकडांत तर हा व्यवहार उलटाच होतो. त्यांच्या वलयातील आरंभीचा भाग फिकट व मऊ, नंतरचा गडद व कठीण. मऊ भाग रंग अधाशासारखा पितो, कठीण भाग तो झिडकारतो. परिणामी रंग दिल्यावर फिकट पट्टे काळवंडतात आणि गडद रेषा त्यांच्यापेक्षा उजळ राहतात, जणू छायाचित्राच्या जागी त्याची काचच हाती यावी. हल्ली परदेशी पेट्यांच्या फळ्यांतून फर्निचर करण्याची टूम निघाली आहे. त्या हौशी मंडळींना हा धक्का हटकून बसतो.

माझ्या उजव्या दाराचे रहस्य मात्र छेदात होते. लाकूड म्हणजे बोरूंची मोळी. मोळी आडवी ठेवून वरून पाणी ओतले तर ते ओघळून जाते, उभी करून तोंडांवर ओतले तर आत उतरते. म्हणूनच रंग दिल्यावर फळीचे टोक नेहमी काळे पडते. आता ज्या झाडाचे तंतू सरळ न वाढता तिरपे किंवा लाटांनी वाढले, त्याची फळी कितीही सरळ कापली तरी जागोजागी बोरूंची तोंडे तिच्या दर्शनी पृष्ठावर उघडी पडतात. उजव्या दाराच्या फळ्या अशा तिरप्या तंतूंच्या होत्या. त्यांनी दुप्पट रंग पोटात घातला. गाठीभोवती तंतू वळसा घेतात, तेथेही हाच न्याय; आणि खुद्द गाठ इतकी कठीण की तिला रंगाची गरजच वाटत नाही.

यावर उपाय आहेत, पण ते सारे रंगापूर्वीचे आहेत. फळीचा दर्शनी भाग १५० नंबरच्या काचकागदाने घासला तर टोके २२० ने घासायची, म्हणजे तोंडे गुळगुळीत होऊन कमी पितात. फारच अधाशी लाकडाला आधी लाखेच्या चपड्याचा अगदी पातळ हात द्यायचा, म्हणजे त्याची अर्धी तहान भागते. पाण्यात कालवलेला रंग असेल तर फळी एकदा नुसत्या पाण्याने ओली करून, उठलेले तंतू वाळल्यावर घासून टाकायचे. सांध्यातून ओघळलेला सरस वेळीच खरवडला नाही तर त्या जागी रंग शिरत नाही आणि पांढरा डाग कायमचा राहतो. हा दोष सुताराचा असतो, पण शिव्या पॉलिशवाला खातो.

प्लायवूडवर चिकटवलेल्या सागाच्या पापुद्र्यांनी हा प्रश्न सुटेल असे वाटते, कारण एकाच ओंडक्याचे पापुद्रे पुस्तकाची पाने उलगडावीत तसे शेजारी शेजारी लावता येतात. परंतु उलगडलेल्या पानांत एकाआड एक पापुद्र्याची विरुद्ध बाजू वर येते, तंतूंचा कल उलटतो, आणि रंग दिल्यावर गडद-फिकट-गडद असे पट्टे उमटतात. गंमत अशी की दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहावे तर गडद पट्टे फिकट झालेले असतात, कारण त्यातला बराचसा खेळ प्रकाशाचा असतो.

सगळ्यांत शेवटी चपडा. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो राळेसारखा स्राव सोडतात, तो वितळवून, गाळून, ताणून केलेल्या पापड्या स्पिरिटमध्ये विरघळवतात आणि कापसाच्या पुरचुंडीने फळीवर वर्तुळे काढीत, थरावर थर देत जिरवतात. चपड्याचा स्वतःचा नारिंगी रंग असतो. खालचा रंग त्यातून पाहताना खोल व उबदार दिसतो. बरणीतले रंग पाहून पसंती देणाऱ्या गिऱ्हाइकाचा मुलाहिजा म्हणूनच ठेवायचा नसतो: त्याच लाकडाच्या तुकड्यावर, सगळे हात पुरे करून दाखवल्याशिवाय होकार घ्यायचा नाही, असा कारागिरांचा शिरस्ता होता. माझ्या बाबतीत तो मीच घाईपायी मोडला होता.

उजवे दार खरवडून पुन्हा करून द्यायची त्यांची तयारी होती. मीच नको म्हटले. तिरप्या तंतूंमुळे संध्याकाळच्या दिव्यात त्यावर ज्या लाटा हलतात, त्या डाव्या दाराच्या नशिबी नाहीत. जाताना त्यांनी डावे दार उघडून आतली कड दाखवली. बिजागरीलगत बोटभर रुंदीची पांढऱ्याची पट्टी होती, बाहेरून गाभ्याशी बेमालूम जुळवलेली, आतून मात्र तशीच फिकट, बिनरंगाची ठेवलेली. "आतून कोण बघतंय, साहेब?" ते म्हणाले. पुस्तक काढायला दार उघडले की मी बघतो.